कामासाठी इंदूर, आणि कामातून इंदूर: दोन-तीन दिवसांच्या दौऱ्यात शहर पाहण्याची पद्धत

इंदुरात माझे घर रामबागेत आहे, आणि पुणे, नाशिक किंवा मुंबईहून कामासाठी येणाऱ्या नातेवाइकांचे व परिचितांचे फोन वर्षभर येत असतात. बहुतेकांचा फोन परतीच्या संध्याकाळी येतो. काम संपलेले असते, विमानाला तीन तास उरलेले असतात, आणि प्रश्न असतो की आता काय पाहता येईल. त्या वेळी राजवाड्याचे दार बंद झालेले असते, सराफ्यातल्या खाण्याच्या गाड्या लागलेल्या नसतात, आणि विजय नगरातून विमानतळाकडे जाणारा रस्ता भरलेला असतो. पाहण्यासारखे सारे असते, पण नेमके त्या तीन तासांत काहीच नसते.

"काम आटोपले की बघू" हा बेत इतर काही शहरांत चालत असेल, पण इंदुरात तो हमखास फसतो, कारण या शहराचे घड्याळ कामाच्या माणसाच्या घड्याळाशी जुळत नाही. वास्तू दहा ते पाच उघड्या असतात, पोहे सकाळी लवकर खायचे असतात आणि सराफा रात्री नऊनंतर जागा होतो. म्हणून स्थळांची यादी आधी करू नये. आधी आपल्या कामाचे ठिकाण, वार आणि मोकळ्या वेळेचे तुकडे लिहून काढावेत, आणि मग त्या तुकड्यांत जे बसेल तेवढेच घ्यावे. पुढील टप्पे त्याच क्रमाने आहेत, आणि तो क्रम बदलू नये.

टप्पा १: कामाचा पत्ता नकाशावर ठेवणे

"काम इंदुरात आहे" एवढ्या माहितीवर काहीही ठरवता येत नाही. कामासाठी येणारा माणूस साधारणपणे चारांपैकी एका भागात जातो, आणि प्रत्येक भागातून जवळ पडणारी ठिकाणे वेगळी आहेत.

विजय नगर आणि एबी (आग्रा-मुंबई) रोड हा शहराचा ईशान्येकडचा, कार्यालयांचा आणि मोठ्या हॉटेलांचा भाग आहे. येथून खजराना गणेश मंदिर जवळ आहे आणि न्यू पलासियातील छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची ओळही फार लांब नाही, मात्र राजवाडा आणि विमानतळ हे दोन्ही शहराच्या दुसऱ्या बाजूला पडतात.

सुपर कॉरिडॉर आणि सांवेर रोड हे दोन्ही भाग उज्जैनच्या दिशेचे आहेत. सुपर कॉरिडॉर विमानतळाच्या बाजूने येऊन लवकुश चौकात उज्जैन रस्त्याला मिळतो. ज्याचे काम येथे आहे, त्याला उज्जैनला जाण्यासाठी शहर ओलांडावे लागत नाही, आणि हा फायदा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पिथमपूर हे औद्योगिक क्षेत्र धार जिल्ह्यात, इंदूरच्या नैऋत्येला आहे. कंपनीच्या पत्रात अनेकदा "इंदूर प्लांट" असे लिहिलेले असते, आणि माणूस विजय नगरात हॉटेल घेऊन रोज दोन वेळा शहर आडवे कापत बसतो. पिथमपूरला जाणाऱ्याने महू लक्षात ठेवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी येथे झाला आणि तेथे त्यांचे स्मारक आहे. परतताना वाट थोडी वाकडी केली तर अर्ध्या-पाऊण तासात ते पाहून होते. महाराष्ट्रातून पिथमपूरला वर्षानुवर्षे ये-जा करूनही महूत एकदाही न उतरलेली माणसे मला भेटली आहेत, आणि त्यांच्याकडून दरवेळी एकच उत्तर मिळते की गाडीवाल्याला सांगायचे राहून गेले.

*तपासून घ्यावे:* बैठकीचा नेमका पत्ता मिळाला का? एकाहून अधिक बैठका असतील तर शेवटची कोठे आहे? परतीच्या दिवसाचा बेत शेवटच्या बैठकीच्या जागेवरून ठरतो.

टप्पा २: वार आणि पंचांग पाहणे

राजवाडा, होळकरांचा लालबाग महाल आणि केंद्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात. सोमवारी सकाळी पोहोचून मंगळवारी संध्याकाळी परतणाऱ्याच्या हाती वास्तूंसाठी मंगळवारचाच दिवस असतो, आणि तो बैठकीत जातो. अशा माणसाने आतून वास्तू पाहण्याचा विचार सोडून द्यावा आणि सकाळ व रात्र यांवर भर द्यावा. लालबागेत दुरुस्तीची कामे निघत असतात, म्हणून तेथे जाण्यापूर्वी हॉटेलमध्ये किंवा यजमानांकडे चौकशी करावी.

बुधवारी खजराना गणेशाला गर्दी असते. आपल्याकडे गणपतीचा वार मंगळवार, पण माळव्यात तो बुधवार मानतात. "मंगळवार टाळून बुधवारी गेलो" असे सांगणारे पाहुणे त्यामुळेच रांगेत तासभर उभे राहिलेले असतात. रविवार आणि चतुर्थीलाही तेथे घाईने दर्शन होत नाही.

उज्जैनचा विचार असेल तर श्रावणाचा हिशेब नीट करावा. उत्तरेकडचे महिने पौर्णिमेला संपतात आणि आपले अमावास्येला, त्यामुळे तिकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. महाकालाची सोमवारची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, मात्र दोन्ही गणनांचे सोमवार धरून निघते आणि आपला श्रावण संपेपर्यंत चालते. म्हणजे सुमारे दीड महिना सोमवारी उज्जैन टाळावे, आणि त्या काळातले शनिवार-रविवारही मोकळे मिळतील असे समजू नये.

दोन दिवस असे आहेत की त्या दिवशी राजवाड्याच्या परिसरात वाहन नेता येत नाही: रंगपंचमी, म्हणजे गेरचा (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा) दिवस, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (चित्ररथांची) रात्र. ज्याला ते पाहायचेच आहे त्याने आनंदाने यावे, पण त्या दिवशी बैठक मात्र ठेवू नये. गेरमध्ये रंगलेले कपडे धुऊन निघत नाहीत, आणि पांढरा शर्ट तर फेकूनच द्यावा लागतो.

टप्पा ३: मुक्कामाची जागा निवडणे

येथे दोन बाजू आहेत. कामाजवळ राहिले तर झोप अर्धा तास वाढते, आणि राजवाडा-रेल्वे स्थानक परिसरात राहिले तर सकाळ आणि रात्र पायी पाहता येते. माझे मत असे आहे की दोन रात्रींचा मुक्काम असेल आणि काम विजय नगर किंवा सांवेर रोडला असेल, तर स्थानकाजवळ राहावे. खोली कदाचित तितकी प्रशस्त मिळणार नाही, परंतु राजवाडा, कृष्णपुरा छत्री, कांच मंदिर आणि सराफा ही चारही ठिकाणे तेथून जवळ पडतात. पिथमपूरला रोज जाणाऱ्याने मात्र हा मोह टाळून राऊ किंवा महूच्या बाजूला राहावे.

कंपनीने हॉटेल ठरवून दिलेले असेल तर ते बदलण्याचा आग्रह धरू नये. प्रवासविभागाशी एका खोलीवरून वाद घालण्यापेक्षा रात्री नऊला रिक्षाने राजवाड्यावर जाणे सोपे आहे.

*सावधान:* चेक-आउटनंतर सामान ठेवून घेतात का, हे खोली घेतानाच विचारावे. सातव्या टप्प्याचा सगळा बेत या एका उत्तरावर अवलंबून आहे.

टप्पा ४: वेळेचे तुकडे पाडणे

दोन रात्री आणि तीन दिवसांच्या दौऱ्यात प्रत्यक्षात पाच तुकडे हाती लागतात: पोहोचण्याच्या दिवसाची संध्याकाळ, पहिली रात्र, दुसऱ्या दिवसाची सकाळ, दुसरी रात्र, आणि परतीच्या दिवशी काम संपल्यापासून गाडी किंवा विमान सुटेपर्यंतचा वेळ. दुपार कामाची आहे, तिला हात लावू नये. दोन बैठकांमध्ये मिळणारा दीड तास हा तुकडा नव्हे. त्या दीड तासात पुढच्या बैठकीची तयारी असते, ग्राहकाचा चहा असतो, आणि पहिली बैठक लांबली तर तो दीड तास उरतही नाही.

मुख्य सादरीकरण किंवा करारावर सही ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या रात्री सराफा ठेवू नये, आणि त्याच दिवशी सकाळी शहराबाहेर जाऊ नये. एका परिचिताने हा नियम मोडला. रात्री एक वाजेपर्यंत सराफ्यात खाऊन तो सकाळी दहाला सादरीकरणास उभा राहिला, आणि मधल्या चहापानाच्या सुट्टीत औषधाचे दुकान शोधत हिंडला. काम निभावले, पण पुढे वर्षभर त्याने इंदूरचे नाव काढले नाही, आणि यात इंदूरचा काहीच दोष नव्हता.

या तुकड्यांत बसवताना क्रम असा असावा. प्रथम सराफ्याची रात्र ठरवावी, कारण ती फक्त रात्रीच होते. मग परतीच्या दिवसाचा बेत करावा, कारण तो सर्वांत सहज मोडतो. सकाळ सर्वांत शेवटी ठरवावी, कारण सकाळ बहुतेकदा आपल्याच हातात असते.

टप्पा ५: सकाळ, साडेसहा ते साडेआठ

कामाच्या दौऱ्यात सर्वांत खात्रीचा वेळ हाच असतो. ग्राहकाचा फोन साडेआठपूर्वी येत नाही, रस्ते मोकळे असतात, आणि रात्रीची झाडलोट झालेली असते.

साडेसहाला कृष्णपुरा छत्रीपाशी उतरावे. कान्ह नदीच्या काठावरच्या या होळकरांच्या छत्र्या, म्हणजे स्मारके, बाहेरून आणि ओट्यावरून पाहायला वीस मिनिटे लागतात. तेथून चालत राजवाड्यासमोर यावे. राजवाड्याचे दार दहाला उघडते हे खरे, पण त्याचा दर्शनी भाग सकाळीच पाहावा. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असे सात मजले दिवसा समोरच्या वाहतुकीतून, गाड्यांतून आणि माणसांच्या डोक्यांवरून पाहावे लागतात. सकाळी मात्र समोरच्या बागेतल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी उभे राहून ते एका नजरेत येतात. म्हणून राजवाडा दोन वेळा घ्यावा, बाहेरून सकाळी आणि जमल्यास आतून परतीच्या दुपारी. ज्याला एकदाच जमणार आहे, त्याने सकाळ निवडावी.

त्यानंतर पोहे. इंदुरी पोहे म्हणजे आपले कांदेपोहे नव्हेत, आणि त्यांत फोडणीचा खमंगपणा शोधणाऱ्याची निराशा होते. ते वाफेवर ठेवलेले, मऊ आणि किंचित गोडसर असतात. वरून कच्चा कांदा, बडीशेप, शेव आणि जिरावन टाकतात, आणि शेजारी जलेबी असते. जिरावन हा येथला मसाला आंबट-तिखट असतो, तो पहिल्यांदा बेतानेच टाकून घ्यावा. नागपूरच्या तर्री पोह्यांची सवय असणाऱ्याने उसळ पोहे मागावेत. हॉटेलच्या नाश्त्यात "इंदुरी पोहे" म्हणून जे ठेवलेले असते, त्यावरून मत बनवू नये.

*तपासून घ्यावे:* सव्वाआठला परतीची रिक्षा मिळाली पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी थंडी कडक असते आणि धुकेही असते, त्या दिवसांत अर्धा तास उशिरा निघावे आणि सूटच्या जाकिटावर अवलंबून न राहता स्वेटर घ्यावा.

टप्पा ६: रात्र, आणि यजमानांचे जेवण

सराफा हा दिवसा सोन्याचांदीचा बाजार आहे. संध्याकाळी पेढ्या बंद होऊ लागतात आणि मग त्यांच्याच ओट्यांवर आणि समोरच्या गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात. माझा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा संध्याकाळी सहाला तेथून फोन करून म्हणाला, "मामा, इथे तर नुसती सोन्याची दुकानं आहेत, खायला काहीच नाही." त्याने पाहिले ते बरोबरच होते, फक्त वेळ चुकली होती. साडेनऊपूर्वी जाऊ नये. दहा ते साडेअकरा हा वेळ उत्तम.

मोठी अडचण वेगळीच असते. इंदूरचा यजमान पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि आठ वाजता हॉटेलात पनीर-नान खाऊन सराफ्यात गेलेला माणूस दोन गाड्यांवर हात टेकतो. यावर उपाय एकच आहे. पहिल्याच दिवशी यजमानांना सांगावे की जेवण हॉटेलात नको, रात्री सराफ्यात एकत्र जाऊ. हे ऐकून त्यांना वाईट वाटत नाही, उलट आनंद होतो, कारण कोणती गाडी चांगली हे दाखवण्याची हौस प्रत्येक इंदूरकराला असते. खर्चही त्यांचा कमी होतो, आणि कामाच्या दोन गोष्टी टेबलापेक्षा गल्लीत उभ्याने लवकर ठरतात. येथले पदार्थ शाकाहारी असतात, त्यामुळे उपासतापास पाळणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकालाही सोबत नेता येते. त्याच्यासाठी साबुदाणा खिचडी आहेच, मात्र येथे तिच्यावर शेव पडते, म्हणून उपास असेल तर आधी सांगावे.

खाण्याचा क्रम चुकला तर रात्र वाया जाते. एकट्याने पूर्ण प्लेट घेऊ नये, दोघा-तिघांत एक घ्यावी. सुरुवात भुट्टे का कीस या पदार्थाने करावी. किसलेले मक्याचे कणीस दुधात शिजवलेले असते, ते सौम्य असते आणि पोट जड करत नाही. मग खोपरा पॅटिस किंवा दहीवडा. हिवाळा असेल तर गराडू सोडू नये. तो कंद तळून त्यावर मसाला आणि लिंबू देतात, आणि उन्हाळ्यात तो मिळत नाही. मालपुआ, रबडी आणि तळहाताएवढा जलेबा हे सर्व शेवटी घ्यावे. इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. ती दुधाची, घट्ट, सुक्या मेव्याची असते, आणि "तहान लागली, शिकंजी घेऊ" म्हणून ती मध्येच घेणाऱ्याचे जेवण तेथेच संपते.

*सावधान:* लॅपटॉपची पिशवी घेऊन सराफ्यात शिरू नये. गल्ली अरुंद, गर्दी दाट आणि तेलाचे शिंतोडे सर्वत्र असतात. कंपनीचे ओळखपत्रही गळ्यातून काढून ठेवावे.

ज्याला रात्री उशीर नको आहे, त्याने पोहोचण्याच्या दिवशी आठच्या सुमारास छप्पन दुकानला जावे. तेथे वाहने आत येत नाहीत आणि बसायला जागा असते. सराफ्याची सर त्याला नाही, असे माझे मत आहे, आणि विजय नगरात राहणारे माझे मित्र ते मान्य करत नाहीत.

टप्पा ७: परतीचा दिवस

सर्वाधिक चुका येथे होतात, आणि बहुतेक चुकांचे मूळ सामानात असते. सामान सोबत असलेला माणूस काहीही पाहू शकत नाही. म्हणून सकाळी निघतानाच खोली सोडावी, मोठी पेटी हॉटेलात ठेवावी, आणि लॅपटॉपची पिशवी तेवढी बैठकीला न्यावी. हॉटेल विजय नगरात आणि विमान संध्याकाळचे असेल तर मात्र पेटीसाठी परत उलटे यावे लागते. अशा वेळी ती टॅक्सीतच ठेवावी, आणि टॅक्सी तासांवर न घेता पूर्ण दिवसाच्या दराने घ्यावी. येथे "आठ तास, ऐंशी किलोमीटर" असा दर सर्रास मिळतो, आणि शहरातल्या एका दिवसाला तो पुरतो. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन कागदावर लिहून ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी दुपारी तीनला संपते. रेल्वेने जाणाऱ्याने पेटी स्थानकाच्या क्लोक रूममध्ये ठेवावी. त्यासाठी पेटीला कुलूप आणि हातात प्रवासाचे तिकीट लागते. चेन बंद केलेली, पण कुलूप नसलेली बॅग तेथे घेत नाहीत.

विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे, आणि राजवाडा ते विमानतळ या वाटेवरच पाहण्यासारखी बरीच ठिकाणे येतात. म्हणून परतीच्या दिवशी पश्चिमेकडे सरकत जावे आणि पूर्वेकडचे काहीही घेऊ नये. काम दोनला संपले आणि विमान सातचे असेल, तर हिशेब असा बसतो. पावणेतीनला राजवाड्यात आत जावे. अंगण, मल्हारी मार्तंडाचे देवघर आणि दालने पाहायला पाऊण तास पुरतो. साडेतीनला चालत कांच मंदिरात जावे. इतवारिया बाजारातले हे जैन मंदिर सेठ हुकुमचंदांनी बांधवले, आणि भिंती, खांब, छत, फरशी सर्वत्र काचेचे काम आहे. तेथे अर्धा तास पुरतो, पण चामड्याचा पट्टा आणि पाकीट यांची सोय आधी करावी, जैन मंदिरात चामडे नेत नाहीत. वाटेत बडा गणपतीची सुमारे पंचवीस फुटी मूर्ती दहा मिनिटांत पाहता येते. साडेचारला गाडीत बसले पाहिजे, आणि पाचच्या आसपास विमानतळ गाठता येतो.

या बेतात लालबाग बसत नाही. लालबाग पाहण्यासारखा आहेच, पण त्याला स्वतंत्र दीड-दोन तास द्यावे लागतात, आणि राजवाड्यासोबत तो कोंबणाऱ्याला दोन्ही अर्धवट मिळतात. एकच निवडायचे असेल तर मराठी माणसाने राजवाडा निवडावा असे मी सांगतो. युरोपीय थाटाची दालने पाहण्याची आवड असलेल्याने माझे ऐकू नये.

*तपासून घ्यावे:* साडेतीन वाजता घड्याळ पाहावे. त्या वेळी आपण राजवाड्यातच असू, तर कांच मंदिर किंवा बडा गणपती यांपैकी एक सोडावे. दोन्ही धावतपळत करू नयेत. काम विजय नगरात तीननंतर संपले असेल, तर हा सगळा बेत रद्द करून सरळ विमानतळावर जावे, कारण संध्याकाळी त्या वाटेला तासभर सहज लागतो.

टप्पा ८: उज्जैन घ्यावे की नाही

उज्जैन सुमारे 55 किलोमीटरवर आहे, आणि "इंदूरला चाललास, महाकालाचे दर्शन घेऊन ये" असे घरच्यांनी सांगितलेले असते. ते टाळणे कठीण आहे हे मान्य. पण केव्हा जायचे ते आपण ठरवावे.

भस्म आरती कामाच्या दिवशी करू नये. ती पहाटे चारच्या सुमारास होते, प्रवेशासाठी आधी नोंदणी लागते, वेशाचे नियम आहेत, आणि रांगेत मध्यरात्रीपासून उभे राहावे लागते. इंदूरहून गेलेला माणूस त्या रात्री झोपतच नाही. सकाळी दहाच्या बैठकीत तो शरीराने असतो, एवढेच.

संध्याकाळचे दर्शन मात्र जमते, विशेषतः सुपर कॉरिडॉर किंवा सांवेर रोडला काम असणाऱ्याला. साडेपाचला तेथूनच परस्पर निघावे आणि हॉटेलवर जाऊन कपडे बदलण्याच्या भानगडीत पडू नये. सातच्या सुमारास उज्जैन येते. मंदिरालगतचा महाकाल लोक हा नवा परिसर दिवे लागल्यावरच पाहावा, आणि मंदिर रात्री अकरापर्यंत उघडे असते. रांग मोठी असेल तर शीघ्र दर्शनाचे सशुल्क तिकीट घ्यावे आणि त्यात संकोच मानू नये. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, म्हणून मंदिराकडे वळण्यापूर्वी कार्यालयातले फोन उरकावेत आणि चालकाशी भेटण्याची जागा नक्की करावी. "बाहेर आल्यावर फोन करतो" असे सांगून आत गेलेल्यांचे फोन आणि चालक दोन्ही दोन वेगळ्या दरवाजांपाशी सापडतात. 2028 च्या सिंहस्थासाठी या रस्त्यावर कामे चालू आहेत, त्यामुळे परतीला दीड तास धरावा.

रेल्वेने मुंबईला परतणाऱ्यासाठी आणखी चांगला मार्ग आहे. अवंतिका एक्स्प्रेस इंदूरहून निघून उज्जैनवरूनच मुंबईकडे जाते. काम सकाळीच संपत असेल तर टॅक्सीने उज्जैन गाठावे, स्थानकावर सामान ठेवून दर्शन घ्यावे, आणि संध्याकाळी तेथेच गाडीत चढावे. इंदूरला परतण्याचा फेरा वाचतो. त्यासाठी तिकिटावरचे चढण्याचे स्थानक आधीच बदलून घ्यावे लागते, आणि एकदा बदलले की इंदूरहून त्या तिकिटावर चढता येत नाही. न बदलता उज्जैनला उभे राहिले, तर इंदूरलाच आपण आलो नाही असे धरून जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

टप्पा ९: मांडू आणि महेश्वर

या दोन ठिकाणांसाठी एक पूर्ण मोकळा दिवस हवा, अर्धा दिवस चालत नाही. शुक्रवारी काम संपत असेल तर शनिवार जोडून घ्यावा. इंदूर-महेश्वर सुमारे 90 किलोमीटर, महेश्वर-मांडू सुमारे 40, आणि मांडूहून इंदूर पुन्हा शंभरच्या आत आहे. बाहेरगावच्या टॅक्सीला बहुधा दिवसाला किमान 250 किलोमीटरचे भाडे द्यावेच लागते, त्यामुळे हा फेरा त्याच पैशांत बसतो. सकाळी सहाला निघून आधी महेश्वरचा घाट आणि किल्ला, मग दुपारनंतर मांडूचा जहाज महाल आणि रूपमती मंडप असा क्रम ठेवावा. उलटा क्रम ठेवला तर घाटावर भर उन्हात उभे राहावे लागते. पावसाळ्यात मात्र एकट्या मांडूलाच दिवस द्यावा.

ओंकारेश्वर याच दिवशी जोडू नये. अंतर कमी दिसते, पण सिमरोलच्या बाजूचा घाटरस्ता कधी तुंबेल याचा भरवसा नसतो.

टप्पा १०: खर्चाचा हिशेब

हे काम निघण्यापूर्वी करावे, परतल्यावर नव्हे. मुक्काम एका दिवसाने वाढवायचा असेल तर वरिष्ठांची परवानगी लेखी, म्हणजे निदान ईमेलवर घ्यावी, आणि वाढीव रात्रीचे हॉटेल बिल वेगळे करून मागावे. कंपनीच्या खर्चाची टॅक्सी उज्जैनला नेऊ नये. बिलावर किलोमीटर छापलेले असतात, आणि सांवेर रोडच्या कारखान्यात जाऊन येण्यास दीडशे किलोमीटर कसे लागले, हे लेखा विभागाला समजावता येत नाही. कामाची गाडी साडेपाचला सोडून द्यावी, तिचे बिल तेथेच घ्यावे, आणि पुढची गाडी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशांनी करावी.